सॅमसंग ब्लू फँग्जची आठ विजेतेपदं: सगळी एकाच हाताची?

उंचउडी

दक्षिण कोरियाच्या व्हॉलीबॉल लीगचा, म्हणजे व्ही-लीगचा विषय इथे अधूनमधून निघतो, पण या लीगवर ज्यांनी सर्वांत जास्त काळ राज्य केलं त्या देजॉनच्या सॅमसंग फायर ब्लू फँग्जवर वेगळा धागा नाही. म्हणून हा.

आधी मुख्य नोंदी. संघ १९९५ सालचा. तेव्हापासून २०१५ पर्यंत प्रशिक्षक एकच, शिन ची-योंग. व्यावसायिक लीग सुरू व्हायच्या आधी, १९९७ ते २००४, राष्ट्रीय विजेतेपद सलग आठ वेळा. त्यातच २००१ ते २००४ या काळात ७७ सामने न हरता. २००५ मध्ये व्ही-लीग सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद यांचंच. पुढची दोन ह्युंदाई कॅपिटलने नेली. मग २००७-०८ पासून २०१३-१४ पर्यंत सलग सात. म्हणजे व्ही-लीगची एकूण आठ.

आता मुद्दा. कोरियन चाहते या संघाच्या खेळाला 'मोल्प्पांग' म्हणतात. सगळे पैसे एकाच घोड्यावर लावावेत तसे सगळे चेंडू एकाच परदेशी खेळाडूला. आधी क्रोएशियाचा अँजेल्को चुक, मग कॅनडाचा गॅव्हिन श्मिट, मग क्युबाचा लिओनार्दो लेयवा, म्हणजे लिओ. लिओकडे संघाचे निम्म्याहून अधिक स्मॅश जायचे. माझं मत असं की ही विजेतेपदं खेळाडू निवडणाऱ्याच्या नजरेची आहेत, संघाच्या खेळाची कमी. पटत नसेल तर सांगा, पण कारणासकट.

तीनमीटररेषा

कारणासकट सांगतो. विजेतेपदांची वाटणी करून बघा. २००५ मध्ये एकही परदेशी खेळाडू नव्हता, कारण ती सोय लीगमध्ये २००५-०६ पासून आली. चुकची दोन (२००७-०८, २००८-०९), गॅव्हिनची तीन (२००९-१० ते २०११-१२), लिओची दोन (२०१२-१३, २०१३-१४). शून्य, दोन, तीन, दोन. हात तीनदा बदलला, निकाल तोच राहिला. मग जे बदललं नाही तिथे उत्तर शोधायला हवं.

उलट बाजूनेही तपासता येतं. चुक पुढे केप्को या संघाकडून खेळला, विजेतेपद नाही. गॅव्हिन २०१९-२० मध्ये केप्कोकडे आला, संघ तळाला. लिओ २०२१ मध्ये ओके फायनान्शियलकडून परत आला, तीन हंगाम खेळला, २०२३-२४ मध्ये नियमित फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि अंतिम फेरीत कोरियन एअरकडून ०-३ हार. हात तेच, मागचे पाच जण वेगळे.

अभ्यासू_मांजर

+१. आडनाव 'चुक' असूनही दोन हंगामांत दोन विजेतेपदं!

नवखी

एक बाळबोध प्रश्न. 'फायर' हे नावात कुठून आलं? टोपणनाव आहे का?

आकडेमोड

@नवखी, ती विमा कंपनी आहे. सॅमसंग फायर अँड मरीन इन्शुरन्स. 'ब्लू फँग्ज' म्हणजे निळे सुळे, हे टोपणनाव. तिथले सगळे संघ कंपन्यांचेच: ह्युंदाई कॅपिटल, कोरियन एअर, केबी इन्शुरन्स, वूरी कार्ड, ओके सेव्हिंग्ज बँक (मधल्या काळात नाव ओके फायनान्शियल) आणि वीज कंपनी केप्को. पुरुषांमध्ये हे सात. प्रत्येक जण उरलेल्या सहांशी सहा-सहा वेळा खेळतो, म्हणून ३६ सामने. ३-० किंवा ३-१ जिंकलं तर ३ गुण, ३-२ जिंकलं तर २, आणि २-३ हरलं तरी १.

पहिल्या क्रमांकाचा संघ थेट अंतिम फेरीत जातो. दुसरा आणि तिसरा आपसांत तीनपैकी दोन सामन्यांची फेरी खेळतात. चौथा संघ तिसऱ्यापासून ३ गुणांच्या आत असेल तर त्या दोघांचा आधी एक सामना. या टप्प्याला तिथे 'बोम-बेगू' म्हणतात, वसंतातलं व्हॉलीबॉल. नियमित फेरीत पहिलं येऊन अंतिम फेरीही जिंकली तर त्याला एकत्रित विजेतेपद म्हणतात आणि त्याचा मान वेगळाच.

दुसरा_टच

उंचउडी, 'मोल्प्पांग' हा शब्द ऐकून वाटतं की उंच चेंडू टाकायचा आणि बघत बसायचं. पण एका माणसाला सामन्यात पन्नास-साठ चेंडू देणं, तेही समोर दोन-तीन ब्लॉकर उभे असताना, याला बाकीच्या पाच जणांकडून काय लागतं ते बघू.

पहिला टच. सर्व्हिस घेतलेला चेंडू सेटरपाशी (स्मॅशसाठी चेंडू वर देणारा खेळाडू), नेटपासून साधारण अर्ध्या ते एक मीटरवर, दोन आणि तीन नंबरच्या (पुढच्या रांगेतली उजवी आणि मधली जागा) मधे यायला हवा. तिथे आला की मधला खेळाडू क्विकसाठी, म्हणजे नेटलगतच्या झटपट स्मॅशसाठी, उडी घेतो आणि समोरचा मधला ब्लॉकर क्षणभर अडकतो. तेवढ्या क्षणाने लिओसमोर दोनऐवजी दीड ब्लॉक राहतो. पास चार मीटर मागे पडला की क्विक संपलं, तिन्ही ब्लॉकर आरामात चालत येतात. हे काम लिबेरो (फक्त मागच्या रांगेत बचाव करणारा खेळाडू) यो ओ-ह्यन आणि बाहेरचा स्मॅशर सोक जिन-उक करत. सोक फार उंच नव्हता, गुणांच्या यादीतही वर दिसत नाही, पण अर्धं मैदान तोच सांभाळायचा.

दुसरा टच. शिनचा खरा हट्ट इथे होता. रॅलीत पहिला चेंडू सेटरनेच उचलला तर दुसरा कोण देणार? बहुतेक संघांत जो जवळ असेल तो कसाबसा वर उडवतो. सॅमसंगमध्ये सहाही जणांना मागच्या कोपऱ्यातून अँटेनापर्यंत (नेटच्या कडेची उभी दांडी) उंच चेंडू देता यायलाच हवा होता. मोजमाप असं: चार नंबरला (पुढची डावी जागा) चेंडू अँटेनाजवळ, नेटपासून अर्धा ते एक मीटर. नेटला चिकटला तर ब्लॉकरचे हात वरून झाकतात. आत पडला तर मधला ब्लॉकर सहज पोचतो. फार मागे पडला तर स्मॅश लांब जातो नाहीतर बोथट होतो. एक नंबरवरून (मागची उजवी जागा) मागच्या रांगेतला स्मॅश असेल तर चेंडू नेटपासून दीड-दोन मीटर लांब हवा, कारण उडी तीन मीटर रेषेच्या मागून घ्यायची असते.

लिबेरोला यात अडचण आहे. तीन मीटर रेषेच्या पुढे उभं राहून त्याने बोटांनी दिलेला चेंडू नेटच्या उंचीच्या वर मारता येत नाही, चूक धरतात. म्हणून तो रेषेमागून उडी घेऊन बोटांनी देतो किंवा रेषेपुढे असेल तर मनगटांवरून. यो ओ-ह्यन या दोन्हींत तरबेज होता.

आणि कव्हर. एकाच माणसाला इतके चेंडू म्हणजे तो ब्लॉकमध्ये अडकणारच. तो उडी घेतो तेव्हा तिघे त्याच्याभोवती वाटीसारखे वाकून उभे, दोघे त्यांच्या मागे. परत आलेला चेंडू उचलायचा, पुन्हा उंच, पुन्हा तोच हात. समोरच्यांना एक गुण मिळवायला तीनदा ब्लॉक करावा लागायचा. कंटाळून चूक तेच करत.

रानवारा

दुसरा_टच, अप्रतिम. हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा झालाय आणि तक्रार नाही.

उंचउडी

पहिल्या टचचा मुद्दा मान्य. पण मग २०१३ चं काय? यो ओ-ह्यन त्या उन्हाळ्यात मुक्त खेळाडू म्हणून (करार संपल्यावर स्वतः संघ निवडून) ह्युंदाई कॅपिटलला गेला. सोक जिन-उक त्याच वर्षी निवृत्त झाला. तुमचे दोन्ही खांब गेले, तरी २०१३-१४ ची अंतिम फेरी सॅमसंगने ३-१ जिंकली, तीही ह्युंदाई कॅपिटलविरुद्ध, जिथे यो पलीकडे उभा होता. तिथे लिओच होता ना शेवटी?

दुसरा_टच

हो, त्या हंगामात लिओवरचा भार वाढला, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. पास मागे पडायला लागले, क्विक कमी झाले, उंच चेंडू वाढले, ते लिओकडे गेले. आधी एकाकडे चेंडू देणं ही निवड होती, २०१३ नंतर नाइलाज झाला. एक वर्ष निभावलं. पुढच्या वर्षी निभावलं नाही.

तीनमीटररेषा

पुढचं वर्ष म्हणजे २०१४-१५. नियमित फेरीत सॅमसंग पहिला. त्या हंगामात पार्क चोल-उ नोव्हेंबरमध्ये सैनिकी सेवेला गेला होता, म्हणजे लिओच्या समोरच्या टोकाला असलेला देशी डावखुरा ऑपोझिटही (उजव्या बाजूने मारणारा स्मॅशर) नाही. अंतिम फेरीत समोर तेव्हा अन्सानचा असलेला ओके सेव्हिंग्ज बँक (पुढे ओके फायनान्शियल झाला तोच), २०१३ मध्ये स्थापन झालेला, दुसऱ्याच हंगामातला संघ. निकाल ०-३.

त्यांचा प्रशिक्षक कोण? किम से-जिन, सॅमसंगच्या पहिल्या सुवर्णकाळातला ऑपोझिट. त्याचा सहाय्यक कोण? सोक जिन-उक. या यंत्राचा कुठला स्क्रू कुठे बसतो हे आतून माहीत असलेली माणसं. क्युबाच्या रोबेर्तलांदी सिमोनची जोरदार जंप सर्व्हिस, त्याला सोंग म्योंग-गनची जोड. पहिला टचच मोडला की पुढचं सगळं उघडं पडतं. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू सोंग ठरला, सिमोन नाही, हेही लक्षात घ्या.

जुनी_वही

सगळे परदेशी खेळाडूंवर अडकलेत, म्हणून पहिल्या काळाबद्दल लिहितो. मला तोच काळ मोठा वाटतो.

सॅमसंगकडे सुरुवातीलाच किम से-जिन आला, मग शिन जिन-शिक. शिन जिन-शिक उंचीने त्या जागेसाठी कमीच, पण उडी आणि पास दोन्ही पक्के. १९९९ मध्ये हानयांग विद्यापीठातून सेटर चोई ते-उंग आणि सोक जिन-उक, आणि सुंगक्युनक्वान विद्यापीठातून डावखुरा जांग ब्योंग-चोल एकदम आले. हे तिघे इंचॉनचे, शाळेपासून एकत्र खेळलेले. इतके चांगले खेळाडू एकाच कंपनीने उचलल्यावर इतर कंपन्यांच्या संघांनी मोठा आक्षेप घेतला, आणि तो चुकीचा नव्हता. ७७ सामन्यांच्या मालिकेमागे प्रशिक्षक शिन ची-योंगची तालीम आहे तशी ही भरतीही आहे. दोन्ही लिहायला हवं.

तालमीबद्दल: योंगिनच्या सराव केंद्रात चार चिनी अक्षरांचं ब्रीदवाक्य असायचं, 'शिन-हान-बुल-लान'. घामावर विश्वास ठेवला तर माणूस डगमगत नाही.

पाचवा_सेट

जुनी_वही, भरतीचा मुद्दा सात विजेतेपदांच्या काळाला मात्र लागू होत नाही, तिथे उलटं घडलं. नवे खेळाडू निवडताना खालच्या संघांना आधी संधी. दरवर्षी विजेते म्हणजे दरवर्षी शेवटून निवड. विद्यापीठातला चांगला मुलगा सात वर्षं दुसरीकडेच जात राहिला. २०१५ नंतर जी पोकळी दिसली तिची सुरुवात २००८ मध्येच झालेली होती.

आणि २०१०-११ विसरू नका. त्या हंगामात संघ मध्यावर चक्क तळाला होता. तिथून तिसरा आला, प्लेऑफमध्ये ह्युंदाई कॅपिटलला हरवलं आणि अंतिम फेरीत पहिल्या क्रमांकाच्या कोरियन एअरला ४-० धुतलं. त्या वेळी अंतिम फेरी सात सामन्यांची होती. आदल्या वर्षी ह्युंदाईविरुद्ध ती ४-३ अशी शेवटच्या सामन्यापर्यंत गेली होती.

अभ्यासू_मांजर

२०१०-११ ची पडझड सेटर बदलल्यामुळे का?

पाचवा_सेट

मोठा भाग तोच. २०१० मध्ये सॅमसंगने ह्युंदाई कॅपिटलचा पार्क चोल-उ मुक्त खेळाडू म्हणून घेतला (तो शिन ची-योंगचा जावईही). नियम असा की मोठा खेळाडू घेतला की जुन्या संघाला भरपाई द्यायची. घेणारा संघ आपली संरक्षित यादी देतो, यादीबाहेरचा एक खेळाडू समोरचा उचलू शकतो. ह्युंदाईने उचलला चोई ते-उंग. दशकभर संघात असलेला सेटर एका यादीमुळे कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे.

त्याच्या जागी आला यू क्वांग-उ, घोट्याच्या दुखण्यातून सावरत असलेला. गॅव्हिनला चेंडू कुठे हवा, किती उंच हवा हे बसायला अर्धा हंगाम गेला. तो काळ म्हणजेच तळ.

आता पुढचं. २०१७ मध्ये सॅमसंगने पार्क सांग-हा हा मधला ब्लॉकर घेतला आणि भरपाईत वूरी कार्डने यू क्वांग-उ उचलला. दुसऱ्यांदा तीच वाट! चोई पुढे ह्युंदाई कॅपिटलचा प्रशिक्षक झाला, २०१५-१६ मध्ये वेगवान खेळ आणून सलग १८ सामने जिंकला आणि २०१६-१७ व २०१८-१९ ची विजेतेपदं घेतली. यू २०१९ मध्ये कोरियन एअरला गेला आणि त्यांच्या सलग चारही विजेतेपदांच्या संघात होता. सॅमसंगने सोडलेले दोन सेटर दोन नव्या सत्तांच्या पायात सापडतात. उंचउडी, तुम्ही परदेशी हात मोजताय, मी गेलेले सेटर मोजतोय.

उंचउडी

हे मी असं एकत्र कधी बघितलं नव्हतं. दोन्हीकडे भरपाईचीच यादी.

आकडेमोड

भार वाटावा की एकाकडे द्यावा, याचं साधं गणित मांडतो. आकडे कल्पित आहेत, फक्त हिशेब समजायला.

संघ १०० स्मॅश मारतो. मोठ्या खेळाडूला ६० दिले, यश ५५ टक्के, म्हणजे ३३ गुण. उरलेले ४० इतरांना, यश ४५ टक्के, म्हणजे १८. एकूण ५१.
आता वाटून देऊ. मोठ्याला ३५, ब्लॉक कमी झाल्याने यश ५८ टक्के, साधारण २० गुण. इतरांना ६५, यश ४७ टक्के, साधारण ३१. एकूण पुन्हा ५१.

म्हणजे वाटणी आपोआप फायद्याची नाही. इतरांचं यश ४७ टक्क्यांच्या वर गेलं तरच ती फायद्याची ठरते. आणि त्यासाठी पुन्हा चांगला पास लागतो.

लीगच्या संकेतस्थळावर आकडे बघताना एक काळजी घ्या. तिथे 'यशाचं प्रमाण' म्हणजे फक्त मारलेल्यांपैकी गुण किती. बाहेर गेलेले आणि ब्लॉक झालेले वजा होत नाहीत. ते वजा करून येते ती 'कार्यक्षमता'. जास्त चेंडू खेळणाऱ्याची तुलना कार्यक्षमतेवरच करावी. सर्व्हिस रिसीव्हच्या रकान्यात मात्र अचूक पासांमधून फसलेले वजा केलेले असतात, त्यामुळे तो आकडा लहान दिसला तर दचकू नका. तिथे 'ट्रिपल क्राउन' दिसेल, त्याचा अर्थ एका सामन्यात किमान ३ सर्व्हिस गुण, ३ ब्लॉक आणि ३ मागच्या रांगेतले गुण.

तीनमीटररेषा

आकडेमोडच्या गणिताला जिवंत उदाहरण: २०२१-२२ ची अंतिम फेरी, तिसरा आणि निर्णायक सामना. केबी इन्शुरन्सचा मालीचा नौमोरी केइता एकट्याने ५७ गुण. कोरियन एअर पाचव्या सेटमध्ये २३-२१ ने जिंकला. सत्तावन्न गुण करून हरता येतं.

सांजवेळ

मला या सगळ्यात एक गोष्ट खटकते आणि ती बोलायलाच हवी. सॅमसंग जिंकत गेला म्हणून बाकीच्यांनीही तोच साचा घेतला. ऑपोझिटची जागा जवळपास प्रत्येक संघात परदेशी खेळाडूची झाली. देशी ऑपोझिट बाकावर. कोरियन एअरचा इम दोंग-ह्योक किंवा तेव्हाचा पार्क चोल-उ असे मोजकेच. मग राष्ट्रीय संघात पाचव्या सेटमध्ये १४-१४ ला चेंडू द्यायचा कुणाला?

हांगझोऊ आशियाई खेळ, सप्टेंबर २०२३. भारताने कोरियाला हरवलं: २५-२७, २९-२७, २५-२२, २०-२५, १७-१५. आपल्यासाठी आनंदाचा दिवस, सोलच्या १९८६ च्या कांस्यपदकाची आठवण काढणारा. पण कोरिया नंतर पाकिस्तानकडून ०-३ हरून पदकाच्या शर्यतीतूनच बाहेर गेला, १९६२ नंतर पहिल्यांदा रिकाम्या हाताने. श्रीमंत लीग असूनही.

पाचवा_सेट

सांजवेळ, निम्मं पटतं. पण एका संघाने जिंकण्यासाठी नियमात बसेल ते केलं, त्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. परदेशी खेळाडूने कुठे उभं राहावं हे लीग ठरवत नव्हती. शिवाय राष्ट्रीय संघाला सर्वांत जास्त बोचतो तो पासचा दर्जा, आणि तो सॅमसंगने तर जपलाच होता. नक्कल करणाऱ्यांनी उंच चेंडू घेतला, पास सोडून दिला.

सांजवेळ

हे वाक्य मान्य. नक्कल अर्धीच झाली.

नवखी

मग २०१५ नंतर सॅमसंगचं काय झालं? आणि सामने बघायचे तर भारतातून वेळ कोणती?

तीनमीटररेषा

@नवखी, थोडक्यात. २०१५ मध्ये शिन ची-योंग मैदान सोडून व्यवस्थापनात गेला, पुढे जिनचॉनच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख झाला. लिओही परतला नाही. २०१५-१६ ला जर्मनीचा गेऑर्ग ग्रोझर होता. २०१६-१७ पासून परदेशी खेळाडू चाचणी शिबिरातून आणि क्रमाने निवडायचे असं ठरलं, मानधन सुरुवातीला ३ लाख डॉलर ठरलेलं. म्हणजे बाकीच्यांच्या आधी चांगला माणूस हेरायचं कौशल्य निरुपयोगी. त्याच हंगामात संघ पहिल्यांदा बोम-बेगूला मुकला. २०१७-१८ मध्ये शिन जिन-शिकच्या हाताखाली दुसरा आला, पण २०२०-२१ आणि २०२२-२३ ला तळाला.

हंगाम ऑक्टोबर ते साधारण एप्रिल. आठवड्यातले सामने तिकडे संध्याकाळी ७ ला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीन. शनिवार-रविवारी पुरुषांचे २ ला, म्हणजे सकाळी साडेदहा. घरचं मैदान देजॉनचं छुंगमू जिम्नॅशियम. 'छुंगमू' ही नौसेनापती यी सन-शिनची मरणोत्तर पदवी. ह्युंदाईचं चॉनानचं मैदान यू ग्वान-सन या स्वातंत्र्यसैनिक मुलीच्या नावाचं. या दोन संघांची लढत हीच तिथली खरी जुनी खुन्नस.

उंचउडी

मूळ प्रश्नाकडे येते. निवडणाऱ्याची नजर हे माझं कारण २०१६ नंतरच्या घसरणीला लागू पडतं, पण सात वर्षांच्या यशाला पुरत नाही. त्यासाठी पास, दुसरा टच आणि टिकून राहिलेला सेटर लागतो, हे पटलं. एक शंका उरते. लिओ २०२४-२५ ला ह्युंदाई कॅपिटलमध्ये गेला आणि लगेच विजेतेपद आलं. फिलिप ब्लेन प्रशिक्षक. म्हणजे पुन्हा लिओच?

दुसरा_टच

त्या संघाची रचना बघा. जोडीला हो सू-बोंग, देशी खेळाडू, तितकाच घातक. लिओ बाहेरच्या जागेवर. समोरच्या ब्लॉकला दोन्हीकडे धावावं लागत होतं. २०१३-१४ च्या लिओसमोर तिघे उभे असायचे, या लिओसमोर बऱ्याचदा एक आणि अर्धा. त्याच हंगामात त्याने पार्क चोल-उचा ६,६२३ गुणांचा विक्रमही मागे टाकला.

जमलं तर २०१२-१३ च्या अंतिम फेरीचा कुठलाही सामना आणि २०२४-२५ चा एक सामना पाठोपाठ बघा. चेंडू लिओकडे गेला की लिओकडे बघू नका, त्याच्यामागे कव्हरला कोण किती खाली वाकलंय ते बघा. जुन्या सामन्यात ती वाटी प्रत्येक वेळी पूर्ण दिसते.